दुसरा पंप चालू आहे ना?

दोन पंप होते, तरी मशीन बंद पडलं.

गोष्ट आमच्या एका मित्राची. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सकाळी अकराला प्रोजेक्टचं सबमिशन आणि नगरच्या रूमवर रात्रभर चालू असलेलं रेंडरिंग. मशीन त्याने स्वतः जोडलेलं. सेकंडहँड भाग गोळा करून, आठ-नऊ महिने पैसे साठवून. प्रोसेसरवर नेहमीच्या पंख्याऐवजी पाण्याचं कूलिंग: पारदर्शक नळ्या, निळं पाणी, लाइट्स आणि एकापुढे एक जोडलेले दोन पंप. रूमवर येणाऱ्या प्रत्येकाला तो हे पंप दाखवायचा. "एक गेला तर दुसरा आहे," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की तो बोलायच्या आधी आम्हीच म्हणायचो.

रात्री दोनच्या सुमारास स्क्रीन काळी झाली. पुन्हा चालू केलं की पाच मिनिटांत पुन्हा बंद. सकाळी खोलून पाहिलं, तर दोन्ही पंप थांबलेले. त्यातला एक त्या रात्री गेला होता. दुसरा कधी गेला, हे कुणालाच सांगता येईना. त्याच्या फिरत्या भागावर चढलेला थर बघता तो कित्येक आठवडे जागचा हलला नसावा. म्हणजे ज्या पंपाच्या भरवशावर आमचा मित्र निवांत झोपायचा, तो पंप त्याच्याकडे नव्हताच.

प्रोसेसरला काही झालं नाही. फाइलीही वाचल्या. गेलं ते सबमिशन आणि त्याचे मार्क.

त्या दुसऱ्या पंपाबद्दल आज बोलायचं आहे. तुमच्यापैकी बहुतेकांकडे पाण्यावर थंड होणारं मशीन नसेल, हे माहीत आहे. तरी वाचा. कारण 'एक गेला तर दुसरा आहे' हे वाक्य आपण फक्त कॉम्प्युटरबद्दल म्हणत नाही.

आत नेमकं काय चालतं?

आधी ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड तापतं. त्याच्यावर तांब्याचा एक ठोकळा बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकच्या आत केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यातून पाणी जातं, उष्णता उचलतं, पुढे रेडिएटरमध्ये जातं. तिथे पंखे हवा मारतात, पाणी थोडं निवतं आणि परत ब्लॉककडे निघतं. हे फिरवण्याचं काम पंपाचं. एक छोटी टाकी असते, म्हणजे रिझर्व्हॉयर. झालं, एवढंच.

'आमच्या दुष्काळी जिल्ह्यात पाण्यावर कॉम्प्युटर कसला चालवता?' असं घरी कुणी म्हणालं तर सांगा, की यात साधारण लिटरभर पाणी लागतं आणि तेच ते महिनोन्महिने फिरतं. मात्र ते लिटरभर पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीवर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच त्या बारीक खाचांत चढेल. डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं आणि त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध घालायचं, किंवा तयार कूलंट वापरायचं. आणि तांब्याचा ब्लॉक असेल तर ॲल्युमिनियमचा रेडिएटर लावायचा नाही. दोन धातू एकाच पाण्यात आले की त्यातला एक दुसऱ्याच्या संगतीने गळायला लागतो.

पाण्याने गारवा आणायची कल्पना नगरला नवी नाही. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, इथे फराहबागेचा महाल बांधला गेला तो तलावाच्या मधोमध. शहराला आणि बागांना लांबच्या गावांवरून खापरी नळांनी पाणी येत होतं. आज महाल उभा आहे. भोवतीचा तलाव कोरडा आहे. बांधकाम चारशे वर्षं टिकतं, पाणी येत राहायचं तर कुणीतरी नळाकडे बघावं लागतं.

आता नगरच्या उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या पुढे जातो. माठातलं पाणी अशा दिवसांतही हवेपेक्षा गार असतं, कारण माठ पाझरतो आणि पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना आतली उष्णता निघून जाते. कॉम्प्युटरमधलं पाणी बंदिस्त आहे, ते पाझरत नाही. त्यामुळे रूममध्ये 38 अंश असतील तर त्या नळ्यांमधलं पाणी कधीच 38 च्या खाली जाणार नाही, उलट काही अंश वरच राहील. पंप एक लावा, दोन लावा, चार लावा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसऱ्या पंपाने किती गार होतं?

इथे पहिला गैरसमज. दोन पंप म्हणजे दुप्पट गार, असं बऱ्याच जणांना वाटतं. बारावीच्या फिजिक्सनेच हिशोब करून बघू.

समजा तुमचं मशीन 400 वॉट उष्णता पाण्यात टाकतंय आणि पाणी मिनिटाला 4 लिटर फिरतंय. एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला साधारण 4,180 ज्यूल लागतात. सेकंदाला 400 ज्यूल उष्णता आणि सेकंदाला 67 मिलिलिटर पाणी. भागाकार केला तर ब्लॉकमधून जाताना पाणी साधारण 1.4 अंशाने तापतं.

आता दुसरा पंप लावला. प्रवाह दुप्पट होईल का? नाही. नळ्या आणि खाचांचा अडथळा प्रवाहाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जोर दुप्पट केला तर प्रवाह फार तर 1.4 पट होतो. म्हणजे 4 चे 5.6 लिटर. आणि 1.4 अंशांच्या जागी पाणी 1 अंशाने तापतं. फरक अर्ध्या अंशाहूनही कमी. पाणी जोरात गेल्याने ब्लॉकमधून उष्णता थोडी चांगली उचलली जाते, तो फायदा धरला तरी एखाद-दोन अंशांची गोष्ट. त्यात दुसरा पंप स्वतःची उष्णताही त्याच पाण्यात टाकतो. या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरला जाणारा डी5 जातीचा पंप पूर्ण वेगात वीसेक वॉट खातो.

पंप पाण्याला फक्त फिरवतो. पाणी निवतं रेडिएटरमध्ये. दोन-चार अंश खरंच कमी करायचे असतील तर तेच पैसे मोठ्या रेडिएटरवर घाला, पंख्यांतली धूळ काढा आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. शेवटच्या दोन गोष्टी तर फुकट आहेत.

एकापुढे एक की शेजारी-शेजारी?

दोन पंप जोडायच्या दोन पद्धती. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे इंजिनिअरिंगवाल्यांपेक्षा आधी कळेल.

विहिरीतल्या सबमर्सिबल मोटरीला स्टेज असतात, हे तुम्ही मोटर बांधणाऱ्याकडून ऐकलं असेल. एकावर एक बसवलेले इम्पेलर. पहिला पाणी ढकलतो, दुसरा तेच पाणी आणखी जोराने ढकलतो, तिसरा आणखी. पाणी तितकंच, पण प्रत्येक स्टेजला हेड वाढतं. खोल बोअरला जास्त स्टेजची मोटर घेतात ती यासाठी. ही झाली एकापुढे एक, म्हणजे सिरीज जोडणी.

दुसरी पद्धत, एकाच विहिरीवर शेजारी-शेजारी दोन मोटरी बसवून दोघींचं पाणी एका पाइपलाइनमध्ये सोडायचं. इथे हेड तेच राहतं, डिस्चार्ज वाढतो. ही पॅरलल जोडणी. यात एक मोटर बंद पडली तर काय होतं, हेही शेतकऱ्याला माहीत आहे: चालू मोटरीचं पाणी बंद मोटरीतून उलटं विहिरीत उतरतं. म्हणून प्रत्येक मोटरीच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात.

कॉम्प्युटरमध्ये नेमका हाच मुद्दा महत्त्वाचा. नळ्या अरुंद, खाचा बारीक, वळणं भरपूर. इथे गरज हेडची असते. म्हणून दोन पंप लावायचेच तर सिरीजमध्ये लावतात. त्यात आणखी एक सोय आहे. सिरीजमधला एक पंप बंद पडला तरी त्याच्या आतून पाणी जात राहतं. थोडा अडथळा होतो, पण चालू पंप पाणी पुढे रेटतो. व्हॉल्व्ह लागत नाही, मशीन थांबत नाही. पॅरलल लावले आणि व्हॉल्व्ह बसवला नाही, तर एक बंद पडताच पाणी त्या बंद पंपातून गोल फिरून परत येईल आणि ब्लॉकपर्यंत पुरेसं पोहोचणार नाही.

थोडक्यात, दुसऱ्या पंपाचं खरं काम गारवा वाढवणं नाही. एक गेला तर काम चालू ठेवणं, हे त्याचं काम. मोठ्या ठिकाणी तो यासाठीच असतो. पुण्यात पाषाणला आयसरमध्ये 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे. 1991 मध्ये 'परम 8000' बनवणाऱ्या सी-डॅकच्या घराण्यातलाच. तोही चिपपर्यंत थेट द्रव नेऊन थंड ठेवला जातो. अमेरिकेत ओक रिजला 'फ्रंटियर' आहे, 2022 मध्ये जगात सर्वांत वेगवान ठरलेला. त्याचं पाणी फिरवायला 350 हॉर्सपॉवरचे चार पंप आहेत आणि ते मिनिटाला 6,000 गॅलन, म्हणजे 22 हजार लिटरच्या वर पाणी ढकलतात. आपल्या हिशोबात सांगायचं तर मिनिटाला दहा हजार लिटरचे दोन टँकर. अशा ठिकाणी पंप थांबणं परवडत नाही. म्हणून लागतात त्यापेक्षा एक पंप जास्त ठेवायचा, हा मोठ्या डेटा सेंटरमधला साधा नियम आहे.

पण त्या नियमाबरोबर आणखी दोन अटी येतात. आमच्या मित्राने नियम घेतला, अटी सोडल्या.

बारा मोटा, एक विहीर

आधी गणित. समजा एखादा पंप वर्षभरात बंद पडण्याची शक्यता शंभरात एक आहे. मग दोन्ही पंप बंद पडण्याची शक्यता शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारांत एक. वाचायला भारी वाटतं. दोन पंप घेणारा प्रत्येक जण मनात हाच गुणाकार करतो. पण हा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा दोन पंपांचं नशीब वेगवेगळं असेल. ही पहिली अट.

साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. कॉलेजच्या सहलीत पाहिली असेल. एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात अशी ती बांधली. एक मोट फाटली तर अकरा चालू राहतील. पण विहीर आटली तर? बाराही मोटा एकदमच रिकाम्या वर येतील.

आमच्या मित्राच्या मशीनमध्ये बघा. दोन पंप, पण टाकी एक. टाकीतलं पाणी उतरलं आणि हवा शिरली तर पहिला पंप हवा धरेल आणि तीच हवा पुढे दुसऱ्याला देईल. पाणी एक. त्यात गाळ असेल तर दोघांत जाईल. वीज देणारी केबल एक, तीच पुढे दोन पंपांना फाटा फोडून दिलेली. तिचा जॅक सैल झाला तर दोघेही थांबणार. आणि दोन्ही पंप एकाच माणसाकडून, एकाच दिवशी, सारखेच वापरलेले घेतलेले. सारख्या वयाची, सारखी झिजलेली दोन माणसं एकमेकांच्या आधाराला उभी केल्यासारखं.

हे फक्त हौशी पोरांचं होतं असं नाही. 11 मार्च 2011 ला जपानमध्ये फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात भूकंपाने बाहेरून येणारी वीज तुटली. रिऍक्टर बंद झाले, पण बंद रिऍक्टरही तापत राहतो, त्याला पाणी फिरवत ठेवावंच लागतं. त्यासाठी डिझेल जनरेटर होते, एकाला दुसरा असे होते आणि ते सुरूही झाले. मग त्सुनामी आली. जनरेटर आणि विजेची पॅनेलं बहुतांश तळमजल्यावर, तळघरात, सखल जागी होती. एकाच लाटेने त्यातलं बहुतेक सगळं घेतलं. संख्या पुरेशी होती. जागा चुकीची होती.

आपल्या कॉम्प्युटरला एवढी भीती नाही. लाइट गेली की पंप थांबतो तसा प्रोसेसरही थांबतो, त्यामुळे उष्णताही थांबते. पाणी फिरायचं बंद झालं तर आजचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद करतात. तरी नळ्यांचं बघा. पीईटीजीच्या कडक नळ्या साधारण 60 अंशांच्या पुढे नेऊ नयेत, त्या नरम पडतात आणि जोड सुटून पाणी थेट बोर्डवर येऊ शकतं. त्यामुळे 'मशीन आपोआप बंद होईल' यावर सोडून देऊ नका.

बंद पडलेलं कळलं पाहिजे

दुसरी अट यापेक्षा साधी आणि यापेक्षा जास्त वेळा मोडली जाणारी. पहिला पंप बंद पडला की तो लगेच कळला पाहिजे आणि लगेच बदलला पाहिजे.

इथे एक गंमत आहे. एकच पंप असेल आणि तो गेला, तर पाच मिनिटांत कळतं. दोन असतील आणि एक गेला, तर काहीच कळत नाही. आवाज थोडा कमी होतो, तोही पंख्यांच्या आवाजात विरतो. तापमान एक-दोन अंशांनी वाढतं, आणि तो फरक तर नगरमध्ये सकाळ-दुपारच्या उन्हातही होतो. मशीन छान चालू. तुम्ही खूश. त्या दिवसापासून तुमच्याकडे एकच पंप आहे, आणि तुम्ही मात्र दोन असल्यासारखे वागताय. एक पंप असलेला माणूस निदान काळजीत तरी असतो.

वरचा गुणाकार इथे पूर्ण कोसळतो. बंद पंप त्याच आठवड्यात बदलला, तर त्या एका आठवड्यात दुसरा जाण्याची शक्यता फारच कमी. पण वर्षभर कळलंच नाही, तर दुसऱ्याला बंद पडायला अख्खं वर्ष मिळतं.

उपाय महाग नाही. बहुतेक पंपांना विजेच्या तारेशिवाय एक बारीक तार असते, ती पंप किती वेगाने फिरतोय हे मदरबोर्डला सांगते. आमच्या मित्राने ती तार गुंडाळून मागे खोचून ठेवली होती, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. ती तार लावायची. दोन पंप असतील तर दोघांच्या दोन, वेगवेगळ्या ठिकाणी. एक सीपीयू फॅनच्या पिनवर, एक पंपाच्या पिनवर. मग बायॉसमध्ये जाऊन 'वेग शून्य झाला तर इशारा दे' हे चालू करायचं. पाच मिनिटांचं काम. डी5सारख्या मोठ्या पंपाला वीज मात्र मदरबोर्डवरून द्यायची नाही, तिथल्या पिना सहसा एका अँपिअरच्या असतात. वीज पॉवर सप्लायवरून घ्यायची आणि दोन पंपांना दोन वेगळ्या केबलवरून.

आणि महिन्यातून एकदा एक पंप मुद्दाम बंद करून दहा मिनिटं मशीन चालवून बघायचं. मग तो चालू करून दुसरा बंद. ज्या दिवशी एक बंद करताच तापमान सरसर चढेल, त्या दिवशी कळेल की दुसरा कधीचाच गेलाय. पण ते तुम्हाला रविवारी दुपारी चहा पिताना कळेल. सबमिशनच्या रात्री दोन वाजता नाही.

मग घ्यायचा की नाही?

आमचं मत स्पष्ट आहे: तुमच्यापैकी बहुतेकांनी दुसरा पंप घेऊ नये.

एक प्रोसेसर, एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन रेडिएटर एवढं एक चांगला पंप आरामात फिरवतो. डी5 पंपाचं आयुष्य उत्पादक साधारण 50,000 तासांचं सांगतात. अखंड चालवला तर पावणेसहा वर्षं. रोज आठ तास चालवला तर सतरा वर्षं. हा सरासरीचा आकडा आहे, तुमच्या पंपाची हमी नाही, आणि खराब पाण्यात तो बराच आधी जाईल. तरी तुमचं कॉलेज संपेपर्यंत नीट ठेवलेला नवा पंप टिकण्याचीच शक्यता जास्त. सेकंडहँड दोन घेण्यापेक्षा नवा एक घ्या.

खरं तर पाण्याचं कूलिंगच किती जणांना लागतं? बहुतेकांचं काम चांगल्या हवेच्या कूलरवर भागतं. त्यात गळायला काही नाही, आणि पंखा गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरा मिळतो. हौस असेल तर जरूर करा, हौसेला मोल नसतं. फक्त हौसेला सुरक्षा म्हणू नका.

दुसरा पंप कुणाला? ज्याचं मशीन दिवस-रात्र चालतं, आठवडाभराचं सिम्युलेशन किंवा क्लायंटचं रेंडरिंग ज्याच्यावर आहे, ज्याच्याजवळ रात्री कुणी नसतं आणि ज्याच्या लूपमध्ये बरेच ब्लॉक आणि रेडिएटर आहेत, त्याला. त्याने सिरीजमध्ये लावावा, दोन तारा जोडाव्यात, दोन केबल द्याव्यात, महिन्याला तपासावा. हे सगळं करणार नसाल तर दुसऱ्या पंपाचे पैसे वाया गेले असं समजा. वाया गेले तरी एक वेळ चालेल. इथे ते पैसे तुम्हाला खोटा धीर देतात.

बाकीच्यांनी विचार करावा, की आपलं नेमकं काय वाचवायचं आहे? आमच्या मित्राला प्रोसेसर वाचवायचा नव्हता, तो स्वतःला वाचवतोच. त्याला वाचवायचं होतं सबमिशन. ते वाचवणारी गोष्ट मशीनच्या आत नव्हतीच. अर्धवट रेंडर दर तासाला साठवणं, दोन दिवस आधी एक हलक्या दर्जाची प्रत काढून ठेवणं, फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालतेय का बघणं, हा त्याचा खरा दुसरा पंप होता. त्याला पैसेही लागत नव्हते.

आता आपल्या बाकीच्या दुसऱ्या पंपांकडे बघा. प्रोजेक्टची कॉपी पेनड्राइव्हवर आहे, छान. पण तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्याच बॅगेत असतो. एसटी स्टँडवर बॅग गेली की दोन्ही गेले. बारा मोटा, एक विहीर. मोबाइलचे फोटो क्लाउडवर जातात असं तुम्हाला वाटतंय. शेवटचा कधी गेला, पाहिलंय? जागा भरून सहा महिन्यांपूर्वीच थांबलं असेल. कॉलेजच्या जिन्याखाली जनरेटर आहे, आग विझवायची लाल टाकी भिंतीला आहे. तिच्यावरची तारीख वाचा एकदा. आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी 'नाहीच झालं तर डिग्री आहे' हे वाक्यही तपासून बघावं. ती डिग्री रोज थोडी फिरतेय, की कोपऱ्यात गुंडाळून ठेवलीय?

पर्याय असणं चांगलंच. पण पर्याय हा नुसता ठेवायचा नसतो, मधूनमधून चालवून बघायचा असतो. गावाकडे पावसाळा संपला की उन्हाळ्यासाठी ठेवलेली जुनी मोटर एकदा लावून बघणारा शेतकरी आजही भेटतो. पाण्याची गरज नसते तेव्हा तो ती लावतो. त्याला कुणी डेटा सेंटरचे नियम शिकवलेले नाहीत. भर उन्हाळ्यात मोटर फिरली नाही तर काय होतं, हे त्याने पाहिलेलं असतं.

आमचा मित्र आता एकच पंप वापरतो, नवा. वेग सांगणारी तार जोडलेली आहे, लाल रंगाची, मशीनमध्ये सगळ्यांत विचित्र तीच दिसते. दुसऱ्या पंपाचे पैसे त्याने एका हार्ड डिस्कवर घातले. ती रूमवर नसते. दर पंधरा दिवसांनी तो राहुरीला घरी जातो, तेव्हा तिच्यावर सगळं उतरवतो आणि ती आईच्या कपाटात ठेवून येतो. उतरवल्यावर त्यातली एक-दोन फाइल उघडून बघतो. मगच कपाट लावतो.

तुम्हीही आज एकच करा. ज्याच्या भरवशावर निवांत आहात अशी एक गोष्ट शोधा आणि ती चालू आहे का, तेवढं बघून या.